अंकांची अदलाबदल: ११ ने आणि ९ ने भागा

दोन अंकी संख्येच्या शाब्दिक उदाहरणात समीकरण बरोबर मांडूनही मुलं लांबलचक सोडवणुकीत अडकतात. दशकस्थानचा अंक द आणि एककस्थानचा ए धरला, तर संख्या १०द + ए. ‘दए’ असं लिहिलं की तो गुणाकार होतो, गुण तिथेच जातात.

अंक उलटले की १०ए + द. आता:

१. दोन्ही संख्यांची बेरीज दिली असेल तर ११ ने भागा, अंकांची बेरीज मिळते.
२. वजाबाकी दिली असेल तर ९ ने भागा, अंकांमधला फरक मिळतो.
३. अंकांची बेरीज अधिक अंकांमधला फरक, भागिले २: मोठा अंक. उरलेला लहान.

उदाहरणार्थ, दोन्ही संख्यांची बेरीज १२१ आणि अंक उलटल्यावर संख्या २७ ने कमी होते. १२१ ÷ ११ = ११, २७ ÷ ९ = ३. मोठा अंक ७, लहान ४. संख्या ७४. पडताळा: ७४ + ४७ = १२१, ७४ − ४७ = २७.

भाग नि:शेष जात नसेल तर उदाहरण उतरवतानाच आकडा चुकलाय, पुढे जाऊ नका.

खरी गफलत ‘कमी’ आणि ‘जास्त’ यात होते. ‘संख्येत २७ मिळवल्यास अंकांची अदलाबदल होते’ असं असेल, तर उलटलेली संख्या मोठी. म्हणजे एककाचा अंक मोठा, उत्तर ४७. परीक्षेत मात्र दोन्ही समीकरणं पूर्ण लिहा. नुसत्या भागाकाराला पायऱ्यांचे गुण मिळत नाहीत.