वाह पेडल घेताना आणि वापरताना या चुका टाळा

तोंडाने सावकाश ‘ऊ’ म्हणा आणि त्याच श्वासात ओठ उघडत ‘आ’वर या. वाह पेडल गिटारला हेच करायला लावतं. आवाजातला एक अरुंद पट्टा ते उचलून धरतं आणि पायाखालची फळी हलली की तो पट्टा वर-खाली सरकतो. क्राय बेबी या नावाने विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या वाह पेडलमध्ये टाच दाबलेली असताना हा उंचवटा साधारण ४०० हर्ट्झपाशी असतो. चवडा पूर्ण दाबला की २००० हर्ट्झच्या आसपास जातो. १९६६ मध्ये थॉमस ऑर्गन कंपनीत हे सर्किट तयार झालं आणि सुरुवातीच्या पेडलांवर नाव छापलं गेलं ते क्लाइड मॅककॉय या ट्रम्पेटवाल्याचं. म्यूट उघडझाक करून ट्रम्पेट बोलका कसा करायचा, हे गोव्यातल्या बँडवाल्यांना सांगायला नको. गिटारवाल्यांचा घोळ मात्र दुकानातच सुरू होतो, कारण पेडल नावावरून उचललं जातं. बघायचं असतं ते एवढंच: वाजवताना तुमचा पाय त्या प्रवासात जास्त वेळ कुठे असतो?

आवडत्या गिटारिस्टचं पेडल आणलं, पण हात आपला

फंकचा हात असेल, म्हणजे दाबलेल्या तारांवर एका ठोक्यात चार घाव, तर पाय अखंड हलत असतो, बहुधा ठोक्यागणिक एक हेलकावा. इथे उंचवटा रुंद आणि बसका हवा, म्हणजे क्यू (उंचवट्याचा टोकदारपणा) कमी. तो टोकदार असला की प्रत्येक हेलकाव्यात तीच एक जागा कानाला टोचते आणि चार मिनिटांच्या गाण्यात ऐकणारा वैतागतो.

डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजावर, सोलो वाजवणाऱ्याचं उलट. त्याला अरुंद, बोलका उंचवटा लागतो आणि पाय बहुतेक वेळ वरच्या अर्ध्या भागातच फिरतो. लांबलचक स्वीपचं (उंचवटा खालून वर सरकतो त्या प्रवासाचं) पेडल घेतलं तर खालचा अर्धा भाग वाया जातो आणि कामाचा भाग पायाच्या इंचभर हालचालीत कोंबला जातो.

तिसरा प्रकार म्हणजे फळी एका जागी थांबवून वाजवणं, रॉक गिटारिस्ट मायकेल शेंकरची ओळख झालेली पद्धत. इथे बरेच जण हमखास फसतात. मॉर्ली कंपनीची बरीच स्विच नसलेली मॉडेल किंवा क्राय बेबी ९५क्यू यांत स्प्रिंग असते. पाय ठेवला की चालू, काढला की बंद आणि फळी परत टाचेवर. गाता गाता वाजवणाऱ्याला हे सोयीचं, कारण चालू-बंदचा खटका शोधावा लागत नाही. पण फळी मधे ठेवून पाय काढून घेणाऱ्याच्या ते काहीच कामाचं नाही.

आणि बास गिटार. बासच्या खालच्या ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ. गिटारचं वाह लावलं की तळच नाहीसा होतो आणि बँड एकदम पोकळ वाटतो. खालचा आवाज तसाच जाऊ देणारं बासचं वाह वेगळं मिळतं (क्राय बेबी १०५क्यू हे त्यातलं), तेच घ्या.

लग्नसराईत आणि जत्रेच्या ऑर्केस्ट्रात एका रात्रीत सगळंच वाजवावं लागत असेल तर क्राय बेबी ५३५क्यूसारखं, स्वीपचे सहा पट्टे आणि क्यूची घुंडी असलेलं पेडल परवडतं. घुंड्या जास्त म्हणून नाकं मुरडणारे भेटतील. त्यांना एकच प्रकार वाजवायचा असतो. तियात्राच्या (गोव्यातल्या कोंकणी संगीत नाटकाच्या) बँडमध्ये मात्र हात आखडता घ्या. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा आवाजही याच मधल्या पट्ट्यात बोलतो. ब्रास वाजत असताना चवडा दाबून ठेवलात तर दोघांचंही काही कळत नाही.

पिकअपचाही, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या गिटारवरच्या चुंबकांचाही, विचार हवा. हंबकरवर (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर) टाचेकडचा आवाज गढूळ होतो, सिंगल कॉइलवर (एका गुंडाळीच्या) चवड्याकडचा कर्कश. म्हणून दुकानात आपलीच गिटार आणि आपलीच केबल न्या, ॲम्प स्वच्छ आवाजावर ठेवा आणि पेडल चालू करण्याआधी एक गोष्ट करा: आधी गिटार थेट ॲम्पला, मग बंद पेडलमधून. दुसऱ्या वेळी आवाजावर गोधडी घातल्यासारखं वाटलं तर त्या पेडलचं सर्किट बंद असतानाही सिग्नलला लटकलेलं आहे. जुन्या पेडलांत हे सर्रास दिसतं. ट्रू बायपासचा स्विच (बंद असताना सर्किट पूर्ण बाजूला काढणारा) बसवून किंवा आधी बफर (सिग्नल सावरून पुढे देणारं छोटं सर्किट) लावून ते सुटतं.

ऑटो वाह हा पर्याय पायाने काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी. तो प्लेकच्या (तार छेडायच्या पट्टीच्या) घावाच्या जोरावर उघडतो, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या (लहान-मोठे घाव सारखे करणाऱ्या पेडलच्या) आणि डिस्टॉर्शनच्या आधीच जोडावा लागतो. नंतर जोडला तर सगळे घाव सारखेच झालेले असतात आणि फिल्टर एक तर उघडाच राहतो, नाहीतर उघडतच नाही.

क्रम चुकला की पेडल किंचाळतं

वाह आधी आणि डिस्टॉर्शन नंतर हा नेहमीचा क्रम. आवाज माणसाच्या गळ्यासारखा येतो. उलट लावलं तर स्वीप धारदार, सिंथसारखा होतो आणि आवाजाची पातळी उड्या मारते. तो परिणाम मुद्दाम हवा असेल तर जरूर लावा.

वाहनंतर फझ फेससारखा जुन्या पद्धतीचा फझ (आवाज जाड आणि खरबरीत फाडणारं पेडल) लावला की मात्र शिट्टी किंवा किंचाळी ऐकू येते, नाहीतर वाह जवळजवळ गायबच होतं. पेडल बिघडलेलं नसतं. असल्या फझचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध) फार कमी असतो, तो वाहच्या आउटपुटला ओढून धरतो आणि सर्किटचा फीडबॅकच बिघडवतो. फझ आधी जोडून बघा. तसा आवाज नको असेल तर दोघांच्या मधे बफर घाला. फझचा स्वभाव त्याने थोडा बदलतो, पण शिट्टी जाते.

खरखर आली म्हणजे पॉट गेला, असं नाही

फळी हलवताना खरखर येते आणि लगेच नवा पॉट (फळीबरोबर फिरून आवाजाचा उंचवटा सरकवणारा भाग) मागवला जातो. थांबा. पेडलची केबल काढा, बॅटरी काढा, खालच्या चार रबरी पायांचे स्क्रू सोडून तळपत्रा उघडा. पॉटच्या टोकांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटासा फवारा मारा आणि फळी वीस-पंचवीस वेळा पूर्ण हलवा. गंज काढायचा साधा स्प्रे वापरू नका. त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि महिनाभराने खरखर दुप्पट होते.

पाच-दहा मिनिटं वाळू देऊन परत जोडा. अजून खरखर असेल, किंवा नवा पॉट घालूनही ती तशीच असेल, तर पॉटला जोडणाऱ्या कपॅसिटरकडे बघा. तो गळायला लागला की पॉटवर डीसी व्होल्टेज येतं आणि मग कितीही चांगला पॉट खरखरणारच. मल्टिमीटर डीसीवर ठेवून पॉटच्या टोकांवर मोजा. काही व्होल्ट दिसले तर चूक पॉटची नाही.

पॉट बदलायचाच असेल तर वाहसाठी बनवलेलाच १०० किलोओहमचा घ्या. मापाने जुळणारा साधा पॉट बसतो, पण त्याचा चढ वेगळा असल्याने सगळा ‘वा’ फळीच्या एका टोकाला जमा होतो.

चवड्याकडे कान फाटतो? दोन दात मागे घ्या

हा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेकांना माहीतच नसतो. फळीखाली एक दातेरी पट्टी असते, ती पॉटच्या दांड्यावरची चक्री फिरवते. पॉट जितका फिरू शकतो तितका ही पट्टी त्याला फिरवत नाही; म्हणजे स्वीपची खिडकी सरकवायला जागा असते.

आधी चक्री आणि पट्टी जिथे भेटतात तिथे मार्करने खूण करा. पट्टीला चक्रीवर दाबून धरणारी प्लॅस्टिकची पकड असते, तिचा स्क्रू थोडा सैल करा, पट्टी उचला, चक्री एक किंवा दोन दात फिरवा आणि पट्टी परत बसवा. ऐका. चुकीच्या दिशेला गेलात तर आवाज आणखी पातळ होईल, मग उलटं फिरवा. एका वेळी दोन दातांपलीकडे जाऊ नका. शेवटी फळी दोन्ही टोकांना हळूच दाबून बघा: फळी टेकायच्या आधी पॉट अडत असेल तर वजन टाकताच त्याच्या आतला अडसर मोडतो. पकडीचा स्क्रू परत आवळताना पट्टी दातांवरून घसरणार नाही इतपतच घट्ट करा. फार घट्ट केला तर फळी जड होते आणि दात लवकर झिजतात.

तरीही आवाज फारच टोकदार वाटला तर इंडक्टरला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) समांतर असलेला ३३ किलोओहमचा रेझिस्टर क्यू ठरवतो. त्याची किंमत कमी केली की आवाज मवाळ होतो, वाढवली की टोकदार. सोल्डरिंगची डागणी हातात धरता येत असेल तरच याला हात लावा.

पेडल चालूच होत नसेल तर बहुतेक वेळा चवड्याखालचा स्विच दाबला जात नसतो. त्याची नट सोडून स्विच मिलिमीटरभर वर घ्या. फार वर घेतलात तर सोलो वाजवतानाच पेडल बंद पडेल.

पाऊस, खारा वारा आणि जनरेटर

गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक (झोपडीवजा हॉटेलं) पावसाळ्याआधी उतरवतात आणि बऱ्याच जणांचं पेडल ऑक्टोबरपर्यंत कपाटात पडून राहतं. तेवढ्यात जॅकच्या पितळेवर हिरवट थर येतो आणि स्विच चिकटतो. ठेवण्यापूर्वी फळीच्या सांध्यातली वाळू ब्रशने काढा, बॅटरी काढा आणि पेडल सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. सांध्यात तेल टाकू नका, वाळू तिथेच रुतून बसते.

वाह चालू केल्यावरच घुं आवाज येत असेल तर पेडल जागच्या जागी फिरवून बघा. आवाज कमी-जास्त झाला तर आतला इंडक्टर शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. अडॅप्टर हातभर लांब न्या. फिरवून काहीच फरक पडत नसेल तर अर्थिंग तपासा. कार्निव्हलच्या चित्ररथावर जनरेटरवर वाजवताना तार आणि माईक यांना एकदम स्पर्श झाल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग बघू द्या.

अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचा, आतली पिन निगेटिव्ह, हे बहुतेकांना लागू. तरी पेडलवरची खूण वाचल्याशिवाय खुपसू नका. बॅटरीवर वाजवत असाल तर कार्यक्रम संपल्यावर इनपुटची केबल उपसा. पेडल बंद केलं तरी ती केबल आत असेपर्यंत बॅटरी चालूच असते.