एमजीबी: आधी प्लगांच्या जोड्या बघा, मग कार्ब्युरेटर

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १७९८ सीसी इंजिनात सिलिंडर चार, पण हेडमध्ये इनलेट पोर्ट (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येण्याच्या वाटा) दोनच. पुढचा एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर १ आणि २ ला पेट्रोल देतो, मागचा ३ आणि ४ ला. म्हणून १-२ काळे आणि ३-४ भुरके निघाले, तर दोष कार्ब्युरेटरात किंवा त्या पोर्टच्या गॅस्केटमध्ये. एकच प्लग वेगळा दिसला तर मिक्स्चरच्या नटाला (कार्ब्युरेटरखालचा, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) हात लावू नका.

प्लगचा रंग वाचण्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, प्लगची गॅप ०.०२५ इंच करून घ्या. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवा, लगेच इंजिन बंद करा. पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवलंत तर चारही प्लग काळे दिसतील आणि त्यावरून काहीच कळणार नाही. अनलेडेड पेट्रोलने रंग फिका येतो. पोर्सेलीनच्या बुडाशी असलेलं वर्तुळ बघा. जोडीतल्या दोघांत किरकोळ फरक असणारच, एका पोर्टातून दोघं ओढतात म्हटल्यावर.

जोडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त; प्लग फिके) असेल तर आधी हवेची गळती शोधा. इनलेट आणि एक्झॉस्टचे फ्लँज एकाच स्टडवर, एकाच जाड वायसरखाली दाबलेले असतात. दोन फ्लँजची जाडी वेगळी असली की वायसर तिरका बसतो आणि पातळ बाजू हवा ओढते. थंड इंजिन चालू केल्या-केल्या जोडावर साबणाचं पाणी फवारा; आवाज बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनर इथे नको, एक्झॉस्ट लगेच खाली तापत असतो. थ्रॉटलचा दांडा झिजून हलत असेल तर तिथूनही हवा जाते.

जोडी रिच (पेट्रोल जास्त; प्लग काळे) असेल तर चोक पूर्ण आत ढकलून कार्ब्युरेटरखालचा जेट (पेट्रोल सोडणारी नळी) अंगठ्याने वर दाबा. टक्कन वर सरकला तर जेट अडकला होता, नट निर्दोष. तो नीट असेल तर फ्लोटची (कार्ब्युरेटरातली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा) निडल आणि फ्लोटला पडलेलं छिद्र तपासा.

मग ट्यूनिंग. इंजिन गरम, डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या माथ्यावरची तेलाची नळी) तेल पुरेसं. रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरची फुसफूस सारखी करा. हे न करता मिक्स्चर लावणं फुकट. नंतर कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला: आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच, लगेच पडला तर लीन, किंचित चढून स्थिरावला तर बरोबर. नट खाली उतरवला की रिच, वर चढवला की लीन. एका वेळी एकच फ्लॅट, म्हणजे सहावा भाग.

प्लग एकटाच वेगळा? कॉम्प्रेशन घ्या, मग प्लगच्या वायरी अदलाबदल करून बघा.

आपल्या जुन्या १४८९ सीसी अँबॅसॅडरला याच घराण्याचं इंजिन, पण कार्ब्युरेटर एकच. तिथे जोड्यांत फरक दिसला तर सरळ मॅनिफोल्डचे नट तपासा.