दूध तुटलेलं लेकरू मांडीवर कसं बसतं

मागच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका सुनेनं मला विचारलं, "मावशी, तुम्ही म्हनता लेकरावानी विश्वास ठेवा. पन ठेवाचा कसा? मले तं रात्री झोपच लागत नाही." उपासना नुकतीच सुटली होती, बायका चपला शोधत होत्या. तेवढ्या गडबडीत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज सवडीनं लिहिते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तीसेक वर्षं मी संडे स्कूल घेते, आणि यातलं बरंचसं लेकरांनीच मला शिकवलं आहे.

आधी एक समजूत काढून टाक. लेकरासारखं म्हणजे भोळंभाबडं, असं नाही. अनोळखी माणसानं हात पुढे केला की लेकरू आईच्या पदराआड जातं. कोणावर भरवसा टाकायचा हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बायबलात प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलं आहे की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ह्या बाळासारखे असा, पण समजुतीत प्रौढ व्हा. 2017 साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. तोंडाला फडकं न बांधता, "प्रभू राखील" म्हणत पाठीवर पंप चढवणं हा विश्वास नाही. प्रार्थना कर आणि फडकंही बांध. ताप उतरत नसेल तर प्रार्थना करत करतच दवाखान्यात जा.

आता प्रार्थनेची भाषा. आमच्याकडे साधीसुधी बाईसुद्धा उभी राहिली की "हे परमदयाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या" असं सुरू करते आणि मग तिला पुढचं सुचत नाही. मंडळीत ते शोभतं, मी नको म्हणत नाही. पण घरी एकटी असताना तू ज्या बोलीत आईशी बोलतेस त्याच बोलीत बोल. "बापा, तुरीवर धुवारी आली, फुलं गळून राहिली." एवढं पुरे. येशूनं धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत घरच्याच बोलीत हाक मारली, ती मार्कानं आपल्या शुभवर्तमानात तशीच ठेवली आहे: "अब्बा", म्हणजे बापा. एका वेळी एकच गोष्ट माग, नाव घेऊन माग. लेकरू "मला सर्व उत्तम दे" म्हणत नाही, ते म्हणतं, "भाकरीले गूळ दे."

मागायला कोणी फारसं शिकवावं लागत नाही. अवघड आहे ते मागितलेलं मिळालं नाही त्यानंतरचं. तुझी झोप तिथंच अडली आहे, असं मला वाटतं.

2017 च्याच हंगामात आमच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी पडली. बाहेरून बोंड हिरवंगार, आणि नखानं उकललं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली. मी रोज संध्याकाळी धुऱ्यावर उभी राहून त्या शेतासाठी प्रार्थना केली होती. पहिल्या वेचणीत जेमतेम काही हाती आलं, पुढे पऱ्हाटी उपटावी लागली. त्यानंतर तीन रविवार मी लेकरांना गाणी शिकवली, पण स्वतः प्रार्थना केली नाही. ओठच उघडत नव्हते.

त्याच दिवसांत आमच्या सुनेनं नातीचं अंगावरचं दूध तोडलं. आमच्याकडे करतात तसं, कडुनिंबाचा पाला वाटून लावला. पोरगी पावणेदोन वर्षांची. तिनं एकदा तोंड लावलं, थुंकली, आणि मग जो हंबरडा फोडला! दोन रात्री घरात कोणी झोपलं नाही. ती आईच्या छातीवर मुठी मारायची, केस ओढायची. मी कडेवर घेतलं तर माझ्याकडे राहायची नाही. जिनं नाही म्हटलं, तिच्याच गळ्यात पडून रडायचं होतं तिला.

पाचव्या दिवशी दुपारी सून ओसरीत सुपात तूर पाखडत होती. पोरगी अंगणातून आली, पायांना माती. आईनं सूप बाजूला केलं. ती मांडीवर चढली, पाठ आईच्या पोटाला टेकवली, पदराचं टोक मुठीत धरलं आणि समोर कोंबड्यांकडे बघत बसली. छातीकडे वळली नाही, काही मागितलं नाही. बराच वेळ तशीच बसली.

मला बायबलातलं 131 वं स्तोत्र आठवलं. यवतमाळला 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा होती, 1983 ला ती पुण्याला गेली. मी पाचवीत असताना तिथला एक विद्यार्थी सायकलनं आमच्या गावी यायचा, त्यानं ते पाठ करून घेतलं होतं. तीनच तर ओव्या. दूध तुटलेलं बाळ आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्याजवळ शांत आहे, असं दावीद म्हणतो. दूध पिणारं बाळ तो म्हणत नाही, दूध तुटलेलं म्हणतो. चाळीस वर्षं मी ते घोकत होते आणि हा शब्द मला दिसला नव्हता. पिणारं बाळ दुधासाठी येतं. दूध तुटलेलं आईसाठी येतं.

इसहाकाचं दूध तुटलं त्या दिवशी अब्राहामानं मोठी मेजवानी दिली, असं उत्पत्तीच्या 21 व्या अध्यायात आहे. पोर बहुतेक रडत असेल, आणि बापाला मात्र ते वाढल्याचा आनंद! माझं शेत गेलं ते चांगलं झालं, असं मी कधीच म्हणणार नाही, तूही कोणाच्या नुकसानीला तसं म्हणू नकोस. पण नाही म्हणणारा दूर गेलेला नसतो, एवढं मला त्या ओसरीत कळलं. बागेत "हा प्याला माझ्यापासून दूर कर" म्हणणाऱ्या पुत्रालाही तो प्याला प्यावाच लागला, तरी तो "अब्बा"च म्हणत राहिला.

म्हणून रात्री झोप लागली नाही तर असं कर. उठून बस. राग असेल तर आधी तो सांग, स्वच्छ शब्दांत, देवालाच. शेजारणीला नंतर सांग. रडू आलं तर आवरू नको. मग जे हवं ते एका वाक्यात सांगून थांब. पुन्हा पुन्हा तेच सांगू नको, त्याला पहिल्यांदाच ऐकू गेलेलं असतं. त्यानंतर काहीही न मागता बस. सुरुवातीला पाच मिनिटंही जड जातात, मन कर्जाकडे, पोराच्या परीक्षेकडे पळतं. पळालं की रागावू नको, पदराचं टोक मुठीत धर. मी खरंच धरते. हाताला काहीतरी लागतं म्हणजे जीव जागेवर राहतो. हे रोज एकाच जागी कर. माझी जागा चुलीजवळच्या पाटावर, पहाटे दूध यायच्या आधी.

काही दिवस आत काहीच वाटणार नाही. वाटायला हवं असंही नाही. आईच्या मांडीवर बसलेलं लेकरू मला काय वाटतंय, हे तपासत बसत नाही.

आणि तुझ्या पोराला "प्रार्थना कर म्हणजे पास होशील" असं सांगू नको. मागे संडे स्कूलमध्ये एका मुलानं विचारलं होतं, "आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली तं मंग आबा काहून मेले?" मी म्हटलं, "मले माहीत नाही रे बाप्पा. ये, बस इथं." तो बसला. बाकीच्यांनी गाणं म्हटलं, त्यानं म्हटलं नाही, मीही आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन त्याच जागेवर बसला होता.

तूही येत्या रविवारी चपला घालायची घाई करू नको. भिंतीकडची सतरंजी मी गुंडाळणार नाही.