चाळीस फुटी बॉक्सकार: अ‍ॅथर्न, अ‍ॅक्युरेल आणि केडीच्या वाघिणी तोलून कशा पाहाव्यात

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (1:87.1) अ‍ॅथर्न, अ‍ॅक्युरेल, केडी अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉक्सकार, म्हणजे बंदिस्त मालवाहू वाघिणी, शेजारी ठेवल्या की एक उंच दिसते, एक बुटकी. लगेच कंपनीला दोष देऊ नका. अमेरिकेत 1937 च्या प्रमाणित बॉक्सकारची आतली उंची 10 फूट होती, तर पुलमन-स्टँडर्ड या वाघिणी बांधणाऱ्या कंपनीच्या 1947 पासूनच्या पीएस-1 बॉक्सकारची बहुधा साडेदहा. हा अर्धा फूट मॉडेलवर पावणेदोन मि.मी. होतो आणि नजरेला स्पष्ट जाणवतो. म्हणून आधी दोन्ही मॉडेल एकाच मूळ वाघिणीची आहेत ना, ते पाहा. लांबी कॅलिपरने मोजा. चाळीस फूट म्हणजे 140 मि.मी.

मग वजन. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एक औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. म्हणजे या वाघिणीला पावणेचार औंस, सुमारे 106 ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कमी भरल्यास वजन तळाशी, मधोमध चिकटवा. वर चिकटवले तर वाघीण वळणावर कलते. रुळांखाली कपलर (वाघिणी जोडणारे आकडे) सोडवणारे चुंबक बसवले असतील तर लोखंडी पट्टी टाळा, नाहीतर वाघीण चुंबकाकडे आपोआप सरकते.

चाकांसाठी एक मीटर सरळ रूळ एका टोकाला 2 सें.मी. उचला आणि प्रत्येक वाघीण वरून, न ढकलता सोडा. जी अडखळते तिच्या बोगीतून (चाके धरणाऱ्या खालच्या चौकटीतून) चाके काढून पाहा. आस लांब असेल तर टोके घट्ट दाबली जातात, आखूड असेल तर चाक डुगडुगते. 33 इंची चाकाचा व्यास 9.6 मि.मी. हवा. प्लास्टिकच्या जागी धातूची चाके बसवली की स्वस्त संचातली वाघीणही सुरेख धावते. चाकांमधले अंतर मात्र एनएमआरएच्या गेजनेच तपासा, अंदाजाने नको.

कपलरची उंची केडीच्या मापकाशी जुळवा. कपलर खाली असेल तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये 0.25 किंवा 0.38 मि.मी. जाडीचा वॉशर घाला. कपलरखाली लोंबणारी तार रुळाच्या वर पाऊण मि.मी. राहू द्या, नाहीतर ती सांध्यावर अडकून वाघीण घसरते. एका बोगीचा स्क्रू इतकाच आवळा की ती फिरेल पण डोलणार नाही. दुसरी थोडी सैल ठेवा, म्हणजे असमान रुळावरही चारही आसांची चाके टेकतात.

रूप शेवटी पाहा. अ‍ॅथर्नच्या जुन्या निळ्या खोक्यातल्या आणि अ‍ॅक्युरेलच्या संचांत हाताने धरायच्या कड्या व शिड्या भिंतीवरच ओतलेल्या असतात. केडीच्या तयार पीएस-1 वर त्या सुट्या, बारीक आणि भिंतीपासून वेगळ्या असतात. छायाचित्रात हा फरक ठळक दिसतो. पण पन्नास वाघिणींची गाडी दोन हात अंतरावरून पाहणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे आम्हाला वाटत नाही. केडी पुढच्या रांगेत उभी करा, मधल्या वाघिणी अ‍ॅक्युरेलच्या चालतील. नाजूक शिड्या हाताळताना मोडतात, म्हणून सुट्या भागांची वाघीण बाजूंनी धरू नका, खालून उचला.