एक्सवायवाय मुलाच्या पाठीवरची गळवं : घरी काय करायचं

लेक आठ वर्षांचा असताना क्रोमोसोमचा (गुणसूत्रांचा) रिपोर्ट आला, एक्सवायवाय. म्हणजे मुलात एक एक्स आणि एक वाय क्रोमोसोम असतो, याच्यात वाय दोन. बोलायला उशीर झाला म्हणून तपासणी केली होती. हजारात साधारण एका मुलाला असा जास्तीचा वाय असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. पंधराव्या वर्षी उंची सहा फूट, आणि पाठभर गळवं, म्हणजे गळवाएवढे मोठे मुरूम. "वयात आलाय, जायफळ उगाळून लाव," या सासूबाईंच्या सल्ल्यात चार महिने गेले. उशीच्या अभ्र्यावर पू-रक्ताचे डाग पडले तेव्हा मी जागी झाले.

तुम्ही थांबू नका. पाठीवरून हलका हात फिरवा. कातडीखाली दुखऱ्या गाठी लागल्या, एकाच जागी दोन-तीन तोंडं दिसली, तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे. हे व्रण ठेवून जातात. फोडायचं तर मुळीच नाही. मेडिकलवाल्याने दिलेली गोरेपणाची ट्यूबही नको, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं.

क्रोमोसोमचा रिपोर्ट सोबत न्या. अशा मुलांत फार मोठे मुरूम आल्याच्या नोंदी आहेत, पण औषध इतरांना देतात तेच: आयसोट्रेटिनॉइन, मोठ्या मुरुमांवरची गोळी. मोठ्या डोसने सुरुवात केली तर कधीकधी गळवं उलट भडकतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीला रोज 10 मिलिग्रॅमवर ठेवलं, जोडीला थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. सगळ्या कोर्सचा मिळून एकूण डोस वजनाच्या किलोमागे 120 ते 150 मिलिग्रॅम धरतात. माझा लेक 62 किलोचा, म्हणजे कमीत कमी 7,440 मिलिग्रॅम. कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहीत गेले.

गोळी जेवणासोबतच, पोळीला तूप लावून. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. ओठांना दिवसभर व्हॅसलीन. लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. गप्प-गप्प राहायला लागला तर लगेच कळवा. ताप, सांधेदुखी आणि गळवांवर जखमा एकदम दिसल्या, तर त्याच दिवशी गाठा. आणि मंडळाच्या रक्तदान शिबिरात नाव द्यायचं नाही, गोळ्या संपल्यावरही महिनाभर. हे त्याला फार लागलं, सगळे मित्र देत होते ना!

मूल एक्सएक्सवाय (म्हणजे जास्तीचा एक्स असलेलं) असेल आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील, तर मुरूम त्यानेही वाढतात. इंजेक्शन मनाने बंद करू नका, हार्मोनच्या डॉक्टरांना विचारा.

पाठ घासायची नाही. मी त्याला पाटावर बसवते (उभा राहिला तर माझा हात खांद्याला पुरत नाही), कोमट पाणी ओतते आणि जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने टिपून घेते.