लहान छपराला शिंगल्स लावताना कोणती हत्यारं घ्यावीत

बागेतली शेड, गाडी ठेवायच्या जागेवरचं छत, ओसरीवर उतरलेलं एखादं पाखं ही कामं साधारण एक ते तीन ब्रासची असतात, म्हणजे शंभर ते तीनशे चौरस फुटांची. हत्यारांची यादी करायला बसलं की पहिली आठवण नेलगनची होते. पण लहान छप्पर बिघडतं ते चुकीच्या खिळ्यामुळे, बोथट पात्यामुळे आणि तिरक्या गेलेल्या रांगेमुळे. पैसा आणि डोकं आधी तिकडे खर्च करा. इथलं सगळं डांबरी शिंगल्सबद्दल आहे, म्हणजे वर खडीचे दाणे असलेल्या, रांगेने एकमेकांवर चढवून ठोकायच्या डांबरी पट्ट्यांबद्दल; लाकडी फळ्यांची किंवा स्लेटची हत्यारं निराळी असतात.

आधी उतार मोजा

खरेदीला निघण्यापूर्वी स्पिरिट लेव्हलवर १२ इंचांवर खूण करा. एक टोक छपरावर टेकवून लेव्हल आडवी धरा आणि १२ इंचांच्या खुणेपासून छपरापर्यंतचं उभं अंतर मोजा. ते २ इंचांपेक्षा कमी आलं तर शिंगल्सचा विचार सोडा, तिथे पाणी मागे सरकून सांध्यातून आत शिरणारच. २ ते ४ इंच असेल तर खालचं फेल्ट, म्हणजे शिंगल्सखालचं डांबरी अस्तर, दुहेरी घालावं लागतं. ६ इंच किंवा जास्त असेल तर नुसत्या बुटांच्या पकडीवर भिस्त ठेवता येत नाही; छपराला ठोकायचे ब्रॅकेट आणि त्यांवर टाकायची फळी यादीत येते.

खिळे

खिळ्याची टोपी किमान ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद, गॅल्व्हनाइज्ड, जाडी ११ किंवा १२ गेज. लांबी अशी हवी की टोक छपराच्या फळीत ६ सूत रुतेल. फळी किंवा प्लाय त्याहून पातळ असेल तर टोक खालून निदान १ सूत बाहेर यायला हवं. नव्या छपरावर सव्वा इंची खिळा बहुधा पुरतो. आढं झाकणाऱ्या शिंगलच्या तुकड्यांखाली (यांनाही टोप्याच म्हणतात) थर वाढतात, तिथे दीड ते पावणेदोन इंची लागतो, म्हणून त्याचं छोटं पाकीट वेगळं घ्या. वळचणीला खालून प्लाय उघडा दिसत असेल तर खिळ्यांची टोकं दिसतील. ती दिसू नयेत म्हणून आखूड खिळे मारण्याचा मोह होतो, पण कडेची रांग वाऱ्याने सुटते ती त्यानेच.

आता संख्या. १२ बाय ३६ इंचाचं तीन पाकळ्यांचं (खाचांनी तीन भाग पाडलेलं) शिंगल ५ इंच उघडं ठेवलं, म्हणजे वरच्या रांगेखाली न झाकलेलं, तर एका ब्रासला ८० शिंगल्स लागतात. प्रत्येकी चार खिळे धरून ३२०. जोराच्या वाऱ्याची जागा असेल किंवा उतार फार तीव्र असेल तर प्रत्येकी सहा, म्हणजे ४८०. मेट्रिक मापाची शिंगल्स थोडी मोठी असतात आणि ५ इंच ५ सूत उघडी राहतात, त्यामुळे त्यांची संख्या कमी भरते. बंडलावरचं माप वाचून हिशोब करा, आणि वाकलेल्या, घरंगळलेल्या खिळ्यांसाठी दहा टक्के वर घ्या.

हातोडी की नेलगन

दोन ब्रासला साडेसहाशे खिळे हे हाताने होणारं काम आहे. साधी ४५० ग्रॅमची पंजावाली हातोडी चालते. शिंगल्सची खास हातोडी मिळाली तर उत्तम: तिच्या एका बाजूला पातं असतं आणि अंगावर भोकांची ओळ. त्यातल्या एका भोकात पिन अडकवायची, ती खालच्या शिंगलच्या काठाला टेकवायची आणि वरचं शिंगल हातोडीच्या डोक्यावर टेकवून ठेवायचं. उघडा भाग दर वेळी तेवढाच राहतो, टेप काढावा लागत नाही.

हाताने ठोकण्याचा खरा फायदा खोलीचा आहे. टोपी शिंगलला सपाट बसली पाहिजे, आत रुतायला नको आणि वर राहायलाही नको. रुतली तर आतली जाळी फाटते आणि वारा शिंगल टोपीवरून ओढून काढतो. वर राहिली तर वरच्या शिंगलची चिकटपट्टी खाली टेकत नाही आणि काही काळाने टोपी त्याला खालून भोक पाडते. तिरका खिळा दोन्ही नुकसान एकदम करतो: एका कडेने कापतो, दुसऱ्या कडेने वर राहतो. हातोडी मारताना हे मनगटाला कळतं. नेलगनला कळत नाही. उन्हात शिंगल मऊ पडतं, सकाळी ज्या दाबाने खिळे नीट बसत होते त्याच दाबाने दुपारी रुतू लागतात. खाली वासा असलेल्या जागी आणि नुसत्या प्लायवरही फरक पडतो.

पाच ब्रासच्या पुढे, किंवा खांदा दुखरा असेल, तर नेलगन भाड्याने घ्यायला हरकत नाही. १२० खिळ्यांची गुंडाळी लागणारी छपराचीच गन घ्या. सुतारकामाच्या गनला रुंद टोपीचा खिळा चालत नाही. एकट्या माणसाला २३ लिटरच्या टाकीचा कंप्रेसर पुरतो. प्रत्येक खिळ्याला घोडा वेगळा दाबावा लागेल असा ट्रिगर निवडा. घोडा दाबून धरून आपटत जायची पद्धत सरावलेल्या हातांसाठी आहे. सुरुवातीला त्याच जाडीच्या प्लायच्या तुकड्यावर दोन शिंगल्स ठेवून दहा-बारा खिळे मारा, खोली लावून घ्या, आणि ऊन चढल्यावर पुन्हा तपासा. एखादी टोपी थोडी वर राहिली तर हातोडीने बसवता येते, म्हणून गन असली तरी हातोडी कमरेला हवीच.

स्टेपलर फक्त फेल्ट तात्पुरतं धरून ठेवण्यापुरता. शिंगलला स्टेपल मारू नका.

कटर आणि पाती

शिंगलवरचे खडीचे दाणे पातं पाहता पाहता खातात. सरळ पातं नेहमी पाठीकडून चालवा: शिंगल उलटं करा, गुण्या लावा, एक खोल रेघ ओढा, वाकवा, मोडा. दाण्यांच्या बाजूने कापायला गेलात तर थोड्याच कापांत पातं चमच्यासारखं होतं. छपराच्या तिरक्या कडेला बाहेर आलेली टोकं जागेवरच छाटायची असतात, तिथे आकड्याच्या आकाराचं पातं लागतं. ते कडेपासून आत ओढत नेलं की फक्त वरचा थर कापला जातो, खालच्या फेल्टला धक्का लागत नाही. दोन्ही प्रकारची पाती दहा-दहा घ्या आणि जोर लावावा लागला की लगेच बदला. बोथट पातं जोर लावल्यावरच घसरतं आणि मांडीत शिरतं.

कडेला पत्र्याची पट्टी बसवायची असेल तर सरळ कापणारी, पिवळ्या मुठीची पत्राकात्री पुरे. पाइपाभोवती गोल कापायचं असेल तरच लाल आणि हिरव्या मुठीची जोडी घ्या.

सूतदोरी

पूड लागलेली ही दोरी ताणून उडवली की सरळ रेघ उमटते. स्वस्तातलं हत्यार, पण छप्पर सरळ दिसणं त्यावरच ठरतं. पूड निळी भरा. लाल पुडीचा डाग शिंगलवरून जात नाही. १२ इंची शिंगल वळचणीच्या पट्टीबाहेर अर्धा इंच काढायचं असेल तर पहिली रेघ काठापासून साडेअकरा इंचांवर येते, कारण पहिल्या रांगेची वरची कड तिथे बसते. पुढे दर १० इंचांवर, म्हणजे साडेएकवीस, साडेएकतीस अशी दर दुसऱ्या रांगेला रेघ मारा. तीन पाकळ्यांच्या शिंगलला उभ्या दोन रेघाही लागतात, एकमेकींपासून ६ इंचांवर. रांगा आलटूनपालटून त्यांना लावल्या की खाचा एकाखाली एक येत नाहीत. दोरी लांब असेल तर मधोमध अंगठ्याने दाबून दोन्ही बाजू वेगवेगळ्या उडवा, नाहीतर मध्ये पोट येतं.

रेघा मारण्याआधी आढ्यापासून वळचणीपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. शेडची छपरं क्वचितच काटकोनात असतात. इंचभराचा फरक निघाला तर तो वरच्या सात-आठ रांगांत एकेक सूत वाटून टाका, कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटच्या एका रांगेत मात्र तो लांबूनही दिसतो.

चढणं आणि पडणं

शिडी आठ फुटांच्या वळचणीलाही वळचणीच्या वर तीन फूट निघाली पाहिजे. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, आणि वरचं टोक बांधलेलं. वळचण बुटकी आहे म्हणून पडण्यापासून वाचवणारा पट्टा नको हे म्हणणं चुकीचं आहे. आठ फुटांवरून डोक्यावर पडणं जिवावर बेतू शकतं. पूर्ण अंगाचा पट्टा, दोरी, दोरीवर सरकणारी पकड आणि आढ्याजवळचा हूक हे एकत्र घ्या. हूक वाशातच बसवायचा, नुसत्या प्लायमध्ये बसवलेला झटक्याने उपटून येतो. पट्टा उसना आणलात तर शिवण बोटाने चाचपून पाहा, आणि एकदा कुणाला पडताना झेललेला पट्टा वापरू नका.

बूट मऊ रबरी तळव्याचे. गुडघ्यांखाली जाड फोम, कारण तापलेल्या शिंगलवर गुडघे टेकले की दाणे निघतात. एका ब्रासला साधारण तीन बंडलं लागतात आणि बंडल २५ ते ३५ किलोचं असतं, म्हणून ते खालीच फोडा, दोरीने थोडं थोडं वर ओढून घ्या आणि आढ्याच्या दोन्ही अंगांना विभागून ठेवा.

किरकोळ सामान

जुनी शिंगल्स काढायची असतील तर दात्यांचं खास फावडं एवढ्याशा कामाला नको. चपटी पहार आणि चौकोनी फावडं पुरे. सीलंटची गन मात्र लागतेच: आढ्यावरच्या शेवटच्या टोपीचे दोन खिळे उघडे राहतात, त्यांवर डांबरी सिमेंटचा ठिपका द्यावा लागतो. दांड्याचं लोहचुंबक कुणाकडून मिळालं तर आणा आणि रोज काम थांबवल्यावर शेडभोवतीच्या गवतावरून फिरवा. जुने खिळे गंजलेले असतात, डोळ्यांनी शोधून सापडत नाहीत.