पन्नाशीनंतर परत बाईकवर बसताय? पोरांबरोबर राईडला जायच्या आधी एवढं करा

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी परत गिअरची गाडी घेतली. मधली वीसेक वर्षं आधी चारचाकी आणि मग बायकोची स्कूटर असंच चाललेलं. त्याआधी माझ्याकडे यामाहाची आरएक्स हंड्रेड होती, तिच्यावर पुणे-कोल्हापूर काय, पुणे-गोवा काय, सगळं करून झालंय. अंगात स्वेटर, स्वेटरच्या आत छातीला पेपर, डोक्याला मफलर, की निघालो. त्यामुळे नवी गाडी ताब्यात घेताना माझा तोरा असा की मला काय शिकवता. शोरूमच्या दारात गाडी सुरू केली, क्लच दाबून पहिला टाकला, गाडी बंद. परत सुरू केली, परत बंद. तिसऱ्यांदा पुतण्या जवळ येऊन हळूच म्हणाला, काका, साईड स्टँड. आता स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, मला पत्ताच नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट हीच, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो दुसऱ्या गाडीचा आणि दुसऱ्या रस्त्यांचा आहे. अर्धा उपयोगी पडतो आणि अर्धा आडवा येतो.

गाडी निवडताना सीसी बघू नका, आधी वजन बघा. आरएक्स शंभर किलोच्या आसपास होती, आपण तिला सायकलसारखी फिरवायचो. आजची रॉयल एनफिल्डची क्लासिक साडेतीनशे १९५ किलोची आहे, हिमालयनही साधारण तेवढीच आणि वर उंच. चालू गाडीवर वजन कळतच नाही, कळतं ते पार्किंगमध्ये. म्हणून टेस्ट राईडआधी गाडी बंद ठेवून बसा, दोन्ही पाय टेकतात का बघा (निदान चवडे तरी), आणि बसल्या बसल्या पायाने दहा फूट मागे ढकला. धाप लागली तर ती गाडी तुमची नाही, पोरं कितीही भारी भारी म्हणोत.

आता ब्रेक. इथे जरा थांबतो, कारण आपल्या पिढीची सगळ्यात वाईट सवय इथेच आहे. आपण ड्रम ब्रेकवर शिकलो. पुढचा ब्रेक लावलास तर उलटा पडशील हे वडिलांनी, मेकॅनिकने, शेजाऱ्याने, सगळ्यांनी सांगितलेलं, त्यामुळे उजवा पाय आपोआप दाबला जातो आणि हात नुसता शोभेला. आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक सोडत-दाबत मारायचा, चाक लॉक होऊ नये म्हणून. तेव्हाच्या गाडीला ते सोडत-दाबत मारणं बरोबरच होतं. पण २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे ते सोडत-दाबत काम गाडी स्वतः करते आणि तुमच्या पायापेक्षा कितीतरी जास्त वेळा करते. तुम्ही पण सोडत-दाबत बसलात तर थांबायला उलट जास्त अंतर लागतं. आणि ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणजे थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो.

हे वाचून अंगात येत नाही, करावं लागतं. आमच्याकडे एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, आतले रस्ते मोकळे असतात. तिथे जाऊन तीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक एकदम लावा, पण झटका देऊन नाही, पिळल्यासारखा दाबत न्या आणि सोडू नका. मग चाळीसला, मग पन्नासला. एका टप्प्याला लिव्हर बोटांखाली थरथरायला लागेल, कटकटकट असं. मी पहिल्यांदा घाबरून सोडूनच दिला, वाटलं काहीतरी तुटलं. तुटलेलं नसतं, एबीएस चालू असतं, तसंच दाबून धरायचं. चार गुरुवार हे केलं तेव्हा कुठे पायाची खोड गेली, पूर्ण गेली असंही म्हणत नाही. फक्त वाळूवर किंवा खडीवर एबीएसच्या भरवशावर राहू नका, तिथे गाडी लांबपर्यंत जाते. आणि वळणात झुकलेलं असताना पण नको, ब्रेक वळणाच्या आधीच मारून झालेला पाहिजे.

दुसरी खोड म्हणजे घाट उतरताना न्यूट्रल. खंबाटकी असो नाहीतर कसारा, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे आपण लोक, खोटं बोलू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोलच बंद करतात. उलट इंजिन चालू ठेवून न्यूट्रलला उतरलात तर ते आयडलिंगला पेट्रोल पीत राहतं. शिवाय फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, आरएक्सचं टू-स्ट्रोक असं फारसं धरायचं नाही म्हणून आपल्याला त्याची सवयच नाही. तर ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच्यात नाहीतर एक खालच्यात उतरा. ब्रेक तापत नाहीत.

शरीराचं थोडक्यात सांगतो. डोळे तपासून घ्या, नुसता नंबर नाही, मोतीबिंदूची सुरुवात आहे का तेही विचारा, कारण समोरच्या एलईडीने रात्री रस्ताच पुसला जातो. मी आता अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचतो, कुणी काही म्हणो. बीपीची, ऍलर्जीची गोळी झोप आणणारी नाही ना हे डॉक्टरांना विचारा, शुगर असेल तर उपाशीपोटी पहाटे निघू नका, खिशात खडीसाखर ठेवा. आणि दर तासाला थांबा. पोरांना सांगायला लाज वाटते हे मान्य, पण थांबायचं कारण सांगावंच लागत नाही, चहा म्हणायचं.

हेल्मेटबद्दल मी बोलणं म्हणजे जरा गंमतच आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे निघाले त्यातल्या एकात मी होतो. आमच्या वेळी हेल्मेट कोपरात अडकवायची वस्तू होती, पोलीस दिसला की डोक्यावर. ही पोरं कोपऱ्यावर दूध आणायला जाताना पण घालतात, आणि आधी मला ते नाटकच वाटायचं. आता तेच बरोबर वाटतं. आयएसआय मार्क बघा, घालून डोकं हलवा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. सैल असेल तर कितीही महाग असो, घेऊ नका. जॅकेट, ग्लोव्हज आणि घोट्याच्या वर येणारे बूट पण घ्या. चप्पल घालून राईडला गेलात तर ग्रुपमधून काढतात, खरंच काढतात.

ग्रुपमध्ये पहिल्यांदा जाल तेव्हा सगळंच वेगळं वाटेल. आमची राईड म्हणजे तीन गाड्या, पुढच्या धाब्यावर भेटू एवढाच प्लॅन, कुणी तासभर आला नाही तर दोघं मागे फिरून शोधायला जायचे. आता पहाटे साडेपाचला पेट्रोल पंपावर ब्रीफिंग, लाईव्ह लोकेशन, कानात इंटरकॉम, पुढे वाट दाखवणारा लीड, शेवटी कुणी मागे राहू नये म्हणून स्वीप, आणि मध्ये सगळे एक डावीकडे एक उजवीकडे असे तिरपे. लीडला ओव्हरटेक करायचं नाही. आमची लीड एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे, आणि आमच्या काळात बाई गाडीवर म्हणजे मागे, एका बाजूला पाय टाकून, एवढंच माहीत. ताम्हिणीला जाताना मला तिने आपल्या लगेच मागे ठेवलं. मला वाटलं वा, मान दिला. नंतर पुतण्याकडून कळलं की नव्या किंवा हळू माणसाला लीडच्या मागेच ठेवतात, म्हणजे ग्रुपचा स्पीड त्याच्या हिशोबाने राहतो. तोंड कडू झालं, पण पद्धत शहाणपणाची आहे. ठेवतील तिथे राहा, पुढच्याला गाठायच्या नादात वळणात घाई करू नका, पुढचे थांबतात.

त्याच राईडला मी गाडी पाडली. चालू नव्हती, टपरीसमोर वळवत होतो, डावा पाय खडीवर टेकला आणि सरकला, आणि जवळजवळ दोनशे किलो हळूहळू, अगदी सावकाश, आडवे झाले. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. पाडाल तुम्ही पण, म्हणून उचलायची रीत शिकून ठेवा. आधी किल्ली बंद. उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच काढून ठेवा म्हणजे पलीकडे जाणार नाही, गाडी गिअरमध्ये असू द्या. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करा, सीटला कुल्ले टेकून उकिडवे बसा, एक हात खालच्या ग्रिपला, दुसरा मागे कॅरियरच्या दांड्याला, आणि लहान लहान पावलं टाकत मागे ढकला. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. वाकून हाताने ओढलीत तर पुढचा महिना पट्टा लावून काढाल. आणि कुणी मदतीला येत असेल तर येऊ द्या ना.

आता पोरांना आपल्याकडून काय मिळतं तेही आहेच. इंटरकॉममध्ये गाणी चालू असली की चेनचा आवाज ऐकू येत नाही, आणि नकाशा रस्ता दाखवतो, रस्त्यावर काय आहे ते नाही. जूनच्या पहिल्या सरीला डांबरावरचं ऑईल वर येतं, तो अर्धा-पाऊण तास सरळ टपरीत बसून घालवायचा. आणि दिवाळीनंतर गळीत हंगाम चालू झाला की सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलात. रस्त्यावर उसाचं वाडं पडलेलं दिसायला लागलं की पुढे ट्रॉली आहे असं धरून चाला. हे मी ब्रीफिंगमध्ये सांगितलं तेव्हापासून लीड मला दर वेळी विचारते, काका, काही ऍड करायचंय का. फक्त "आमच्या वेळी" असं सुरू करू नका, पोरं मान हलवतात आणि कान बंद करतात. अपवाद एकच, आरएक्सचा विषय. ती १९९६ ला बंद झाली, ग्रुपमधल्या निम्म्यांचा जन्मच त्यानंतरचा, पण मी माझी अकरा हजाराला विकली म्हटल्यावर दोघं माझ्याशी चहा होईपर्यंत बोलले नाहीत.

कागदपत्रं बघून घ्या. पंचावन्ननंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी रिन्यू होतं, डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १ए लागतो, आणि संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट. बरेच जण खिशात संपलेलं लायसन्स घेऊन फिरतात, अपघात झाला की इन्शुरन्सवाले तेच पहिलं बघतात.

टूलकिटमधून प्लग पाना आणि पॉलिश पेपर मी जड मनाने काढले, रस्त्याकडेला उघडण्यासारखं आता फार काही राहिलंच नाही. त्याऐवजी ट्यूबलेसचं पंक्चर किट, छोटा हवेचा पंप, फ्यूज, क्लच वायर असू द्या. आणि दोन हात नायलॉनची दोरी, ती मात्र जुनीच सवय. गेल्या राईडला वरंध्यात एकाचा नंबर प्लेटचा ब्रॅकेट तुटून टायरला घासत होता, सगळे फोनवर जवळचं सर्व्हिस सेंटर शोधत बसलेले. मी दोरीने आवळून बांधला, गाठ मारली, महाडपर्यंत आरामात गेला. गडी अजून ती दोरी सोडत नाहीये, म्हणतो राहू द्या काका, लूक येतो.